गोव्याचा माल

नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घेऊ नये म्हणतात. पण माझ्या नवऱ्याचं नाव दौंडला स्टेशनरोडवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं, शिरूरच्या पेठेत लिहिलेलं होतं, आणि खुटबावला तर ते एका पडवीच्या पत्र्यावर होतं, जिथं बाजाराला आणलेल्या शेळ्यासुद्धा ते निवांत वाचत उभ्या असायच्या. तेव्हा लपवायचं कुणापासून? मी सरळ जयसिंगराव म्हणते.

पाटीवर आधी 'जयसिंग वस्त्रभांडार' होतं. एकसष्टच्या उन्हाळ्यात ते खोडून 'जयसिंग फॅशन हाऊस' झालं. आतला माल तोच. लुगडी, धोतरं, खण, मांजरपाट, शाळेच्या पोरांच्या खाकी चड्ड्या. फरक एवढाच, की चड्डी दाखवताना 'सध्या ही फॅशनमध्ये हाय' असं म्हणायचं. पोराची आई म्हणायची, "फॅशन ऱ्हाऊ द्या, बुडाला टिकंल का?"

पाटलाच्या घरातला माणूस कापड फाडायला बसला म्हणून भावकीनं आधी नाकं मुरडली होती. मग दुकान चाललं, आणि भावकी उधारीवर लुगडी न्यायला लागली. जयसिंगराव एकदा पुण्याला गेले आणि तिथं एका बूटवाल्या कंपनीची गावभर एकसारख्या पाट्यांची दुकानं बघून आले. याला इंग्रजीत 'चेन' म्हणतात, असं त्यांना तिथं कळलं. परत आल्यावर त्यांनीही चेन केली. दौंडचं मुख्य दुकान, शिरूरची शाखा, खुटबावची शाखा आणि राहूची शाखा. खुटबावची शाखा म्हणजे माझ्या मावससासऱ्यांची पडवी, तीही बाजाराच्या दिवसापुरती. राहूची शाखा म्हणजे एका किराणा दुकानातलं फडताळ. खालच्या कप्प्यात गूळ, वरच्या कप्प्यात पोलकी. राहूच्या गिऱ्हाइकांची तक्रार एकच असायची, मुंग्यांची.

खरं दुकान म्हणावं असं दुसरं होतं ते शिरूरचं, आणि ते चालवत होत्या माझ्या नणंदबाई, पुतळाबाई. मी त्यांना वन्सं म्हणते.

चेनचं ऐकल्यावर वन्संनी विचारलं होतं, "चेन म्हंजी आगगाडीतली व्हय? ती वढली की गाडी हुबी ऱ्हाती, आन् वढणाऱ्याला धरून नेत्यात."

"आक्का, ती येगळी," जयसिंगराव म्हणाले.

"आसंल. मला गाडीतलीच ठावं."

वन्सं कासुर्डीला दिलेल्या. नवरा तरुणपणी गेला, आणि सासरच्यांनी त्यांना एका गाठोड्यानिशी भावाच्या दारात आणून सोडलं. पुढची कितीतरी वर्षं त्यांनी आमच्या चुलीपुढं एका जुन्या पाटावर काढली. जेवायला शेवटी, बोलायला त्याच्याही नंतर. लग्नकार्यात हळदीकुंकवाची ताटं निघाली की त्या आपणहून मागच्या दाराला जाऊन भांडी घासत बसायच्या, कुणी उठवायच्या आत. शिरूरचं दुकान घेतलं तेव्हा ठेवलेला मुनीम पळून गेला, म्हणून चार दिवस राखण करायला वन्संना पाठवलं. त्या चार दिवसांची आठ वर्षं झाली. त्या दुकानात दोन मशिनी आल्या, त्यांच्यावर शिवायला बाया आल्या, आणि 'फॅशन हाऊस' अशी पाटी असूनही सगळं शिरूर त्याला पुतळाबाईचं दुकान म्हणायला लागलं. दौंडला त्या जयसिंगची विधवा बहीण होत्या. शिरूरला लोक उलट यांनाच विचारायचे, "तुमी पुतळाबाईंचे भाऊ न्हवं का?"

हा प्रश्न जयसिंगरावांना किती बोचत होता, मला माहीत नाही. पण तो विचारला गेला की ते टोपी काढून पुन्हा घालायचे.

त्यातच पावसाळा सरताना बबनराव आले.

बबनराव सोसायटीच्या निवडणुकीत पडले होते, त्यामुळं त्यांना वेळ होता. ज्याच्या दुकानात चहा मिळेल त्याचं भलं करायचं, असं त्यांनी ठरवलेलं. आमच्याकडं चहा चांगला व्हायचा.

"जयसिंगराव," बशीत फुंकर घालत ते म्हणाले, "देशात काय, कुणीबी दुकान काढतंय. माणूस परदेशात गेला पायजे."

"परदेशात म्हंजी बोटीनं जावं लागंल. मला पाणी सोसत न्हाई." हे खरं होतं. भीमेच्या पुलावरून एसटी जाताना हे डोळे मिटून घेतात.

"बोट कशाला? बेळगावपातूर आगगाडी, म्होरं लॉरी. पाय वले न करता परदेश."

"कुठला ह्यो?"

"गोवा."

जयसिंगरावांनी कप खाली ठेवला. मी आतून बघत होते. यांच्या डोळ्यांत अशी चमक मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा. मध्ये बरीच वर्षं नाकी बंद होती, ती आता सैल पडली आहेत आणि परमिटाचं आपण बघतो, असं बबनरावांचं म्हणणं. मडगावात त्यांच्या ओळखीच्या कुणाच्या तरी ओळखीच्याचा गाळा होता. नाताळ तोंडावर. सगळा गोवा नाताळाला नवे कपडे घेतो. "शाखा गोवा, परदेश," बबनराव हवेत बोट फिरवत म्हणाले. "तालुक्यात हाय का कुणाची आसली पाटी?"

आता एक गोष्ट सांगायला हवी. पंचावन्न साली गोव्याच्या सत्याग्रहाला निघालेली एक तुकडी दौंडला गाडी बदलायला उतरली होती, तेव्हा तिला हार घालणाऱ्यांत जयसिंगराव सगळ्यात पुढं होते. 'गोवा आमचा आहे' असं त्यांनी फलाटावर भाषणात सांगितलं होतं, आणि मी ते कडेवर पोर घेऊन ऐकलं होतं. म्हणून त्या दिवशी जेवायला वाढताना मी विचारलं, "गोवा आपलाच हाय म्हणला हुता न्हवं तुमी? मग परदेश कसा?"

त्यांनी भाकरी मोडली. विचार केला.

"राजकारणात आपला," ते म्हणाले. "धंद्यात परदेश."

*

शिरूरला सांगायला आम्ही दोघं एसटीनं गेलो. वन्सं गादीवर बसल्या होत्या, मांडीवर कापड मोजायचा गज आणि समोर एक म्हातारा धोतराचं पान चिमटीत धरून घासाघीस करत होता. तो गेल्यावर हे गादीपाशी सरकले. मग म्हणाले, "आक्का, तुजी दगदग संपली बघ."

"का? कोन मेलं?"

"आगं, शुभ बोल. शिरूर बंद करायचं ठरवलंय. ही कपाटं, मशिनी, माल, समदं मडगावला जानार. ह्या जागेचं हौसरावांना बोललोय. वरीस सरलं की जागा मोकळी करून द्यायची. तेंच्याकडं सोडावॉटरवाला टपूनच हाय. तू दौंडला घरी ये. बसून खा."

"बसून तर हितंबी खाती." वन्संनी गादीवर हात टेकला.

"तसं न्हवं. आरामात. धुरपदाला हातभार लावशील."

वन्संनी माझ्याकडं बघितलं. "धुरपदाचा हात मोडलाय का?"

मी मान हलवली. माझे दोन्ही हात धडधाकट होते आणि त्यांच्यात वन्संना देण्यासारखं काही नव्हतं, आमच्या चुलीपुढचा तो पाट सोडून.

"हितल्या लोकांना फॅशन कळत न्हाई, आक्का. धा वर्षं जुनं लुगडं, फाटलं की दंड घालून नेसत्यात. आपुन मोटं झालं पायजे."

"आपुन म्हंजी कोन कोन?"

यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

वन्संनी रडारड केली नाही. भांडल्याही नाहीत. दुकान भावाचं, गादी भावाची, त्या फक्त बसणाऱ्या. हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. निघताना मला मात्र त्यांनी मागं ओढलं आणि म्हणाल्या, "धुरपदे, तुज्या सैपाकघरात मला पुन्यांदा आणशील, तर त्यो पाट तरी नवा करून घे. जुन्याचा खिळा टोचतो." आणि हसल्या. ते हसू मी दौंडपर्यंत घेऊन आले.

*

परदेशात काय खपतं ते आधी शोधायला हवं, असं बबनराव म्हणाले. हे त्यांचं एकच बोलणं शहाणपणाचं होतं आणि त्यानंच घात केला. गोव्यात ख्रिस्ती लोक. ख्रिस्ती लोक आपल्या ओळखीचे कोण? दबोराबाई.

दबोराबाई माहेरच्या शिरूरच्या, मिशनमधल्या. मालक एलिया दौंड स्टेशनात पार्सल हापिसात. बाई शाळेत शिकवायच्या. अंगावर कायम पांढरं, बारीक काठाचं पातळ, वर गळाबंद आणि मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं. त्यांना जयसिंगरावांनी खुर्ची दिली. गिऱ्हाइकाला खुर्ची मिळणं आमच्याकडं नवीन होतं, त्यामुळं त्या जरा घाबरूनच टेकल्या.

"दबोराबाई, तुमच्यात नाताळाला बायका काय नेसत्यात?"

"हेच. फक्त कोरं."

"आन् गोव्यात?"

"मी गोवा पाहिलेला नाही."

"पन तुमच्यातलेच की."

"आमच्यातले नव्हेत, जयसिंगराव. ते रोमन. आम्ही प्रोटेस्टंट."

"फरक काय तेच्यात?"

दबोराबाईंनी पदर सारखा केला. त्यांच्यावर फार मोठी जबाबदारी येऊन पडली होती. "ते मूर्ती ठेवतात. मेणबत्त्या लावतात."

"बरं. मग मेनबत्ती लावताना काय नेसत्यात?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"अंदाजानं सांगा."

"देवळात जायचं म्हणजे सभ्यच नेसत असतील," दबोराबाई म्हणाल्या.

"झालं तर," जयसिंगराव बबनरावांकडं वळले. "सभ्य. पांढरं पातळ, लांब बाह्या. लिवून घ्या."

हे बोलणं चाललेलं असताना आमच्या दुकानापुढून एक बाई चालली होती. गोव्याकडच्या एका इंजिन ड्रायव्हरची बायको, राहायला रेल्वे कॉलनीत. गुडघ्याएवढा फुलाफुलांचा झगा, उघडे दंड, डोक्याला रुमाल, हातात मासळीची पिशवी. ती रोज त्याच वेळेला तिथून जायची, गेली कितीतरी वर्षं. मी यांना खूण केली. "तिला विचारा की. ती तिकडचीच हाय."

"ती आपली गिऱ्हाईक न्हाई," जयसिंगराव म्हणाले. "तिला काय इचारायचं?"

मग पातळांचे गठ्ठे आले. पोलकी शिवायची कुठं? मशिनी शिरूरला. म्हणजे जे दुकान बंद करायचं, त्याच दुकानात ते बंद करायला लागणारा माल शिवला गेला. वन्सं स्वतः माप कापून द्यायच्या, बयाबाई आणि दुसरी एक शिलाईवाली मशीन मारायच्या. आपल्याच तेराव्याचे लाडू आपण वळावेत, तसं ते दिसत होतं. काम मात्र असं, की बाहीची एक चुणी वाकडी नाही.

"कशाला एवढं झटता, वन्सं?" मी विचारलं.

"पोलक्याचा काय गुन्हा?" त्या म्हणाल्या.

लाकडी पेट्या भरून झाल्या. त्यांच्यावर नाव घालायचं काम माझ्याकडं आलं. दुकानातली रद्दी वाचून वाचून मला अक्षर आलं होतं, आणि रंगाऱ्याला पैसे द्यायचे नव्हते. जयसिंगरावांनी सांगितलं, "लिही, मडगाव, गोवा येथे पाठवण्यासाठीचा माल." पेटीची फळी वीतभर रुंद. 'मडगाव' लिहून बघितलं तर 'गोवा' खाली ओघळायला लागलं. मी पुसलं आणि सगळ्या पेट्यांवर ठसठशीत लिहिलं, 'गोव्याचा माल'. म्हणजे गोव्याला जायचा. मला काही त्यात चूक दिसली नाही, यांनाही दिसली नाही.

मडगावची पाटी मात्र रंगाऱ्याकडून करून घेतली. सागवानी, जाड, दोन माणसांना उचलावी लागेल अशी. 'जयसिंग फॅशन हाऊस, शाखा गोवा (परदेश)'. तिची दौंडात पूजा झाली. बबनरावांनी यांना हार घातला आणि 'आपल्या तालुक्याचे परदेशी व्यापारी' असं म्हणाले. मागं बसलेले रेल्वेतले एक 'परदेशी' आडनावाचे गृहस्थ आपलंच नाव घेतलं असं समजून उठून उभे राहिले, आणि टाळ्या संपेपर्यंत त्यांना खाली बसता आलं नाही.

*

पेट्या आणि पाटी स्टेशनात गेल्या त्या डिसेंबर लागल्यावर. जयसिंगराव रोज जाऊन बघून येत. पेट्या तिथंच. मीही एकदा डबा घेऊन गेले, तर हे आपल्याच एका पेटीवर बसलेले आणि समोर एलिया उभे.

"आजबी न्हाई?"

"आजही नाही."

"मग कवा?"

"सांगता येत नाही, जयसिंगराव. पुढं पार्सल घेत नाहीत. पॅसेंजर गाड्यासुद्धा रद्द होतायत. सगळं लष्कराला दिलंय."

तेवढ्यात एक गाडी धडधडत गेली. उघड्या डब्यांवर ताडपत्र्या, ताडपत्र्यांखाली काहीतरी मोठमोठं, आणि दारांत पाय सोडून बसलेले शिपाई. फलाटावरची पोरं हात हलवत होती.

"चाललंय कुठं एवढं लष्कर?" यांनी विचारलं.

एलिया माणूस मोजकं बोलणारा. "ते पार्सल हापिसाला सांगत नाहीत. पण जिकडं तुमच्या पेट्या जायच्यात, तिकडंच."

"मग बरंच झालं," जयसिंगराव म्हणाले. "रस्त्याला बंदोबस्त ऱ्हाईल."

एलियांनी माझ्याकडं बघितलं. मी डबा उघडला.

बबनरावांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शिपाईबी गिऱ्हाईकच की. दोन पेट्या बनियनी टाका."

आणि मग एक दिवस रेडिओवर बातमी आली. गोवा घेतला. पोर्तुगीज गेले. दौंडला जो तो घराबाहेर आला. पेढेवाल्याच्या पराती रिकाम्या झाल्या, शाळा सुटली, स्टेशनापुढं माणूस मावेना. कुणीतरी म्हणालं, भाषण पाहिजे. दुसरा म्हणाला, जयसिंगरावांचं. सत्याग्रहींना पहिला हार त्यांचा होता. लोकांनी यांना दंडाला धरून फलाटावर नेलं आणि उभं करायला उंच जागा शोधली. उंच जागा म्हणजे आमच्या पेट्या.

'गोव्याचा माल' या अक्षरांवर पाय ठेवून जयसिंगराव उभे राहिले.

"गोवा," ते म्हणाले, "आपला झाला."

आणि थांबले. डोळ्यांतून पाणी आलं. एवढी देशभक्ती दौंडनं कधी बघितली नव्हती. टाळ्या थांबेनात. गर्दीत एक म्हातारी यांची दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडत होती. ते पाणी कशाचं हे तिथं दोघांनाच माहीत होतं, आणि त्यांतली एक पदरानं तोंड झाकून उभी होती. खोटं कशाला सांगू, मी हसत होते. पण मग ते खाली उतरले, आणि गर्दीत मला शोधणारी त्यांची नजर मी बघितली. बाजारात हात सुटलेल्या पोराची असते तशी. मी पुढं झाले आणि त्यांच्या हातात रुमाल दिला.

बबनराव पेढा खात आले. "आता परमिटबी लागत न्हाई. बघा, केवढं काम झालं."

"परदेशच ऱ्हायला न्हाई, बबनराव."

"पन गाळा हाय की. जावा, काढा दुकान."

"आता मडगाव काय आन् बारामती काय," जयसिंगराव म्हणाले, आणि पेटीवर बसले.

ती झग्यातली ड्रायव्हरची बायको तिथंच होती. गर्दीकडं बघत एका बाजूला गप्प उभी. तिच्या मनात काय चाललं होतं कुणी विचारलं नाही, त्या दिवशी तर नाहीच. एका पेटीची फळी निघाली होती. तिनं वाकून आतलं पोलकं बघितलं, बाही बोटानं उचलली.

"हे मडगावाक?" तिनं मला विचारलं. "कोण घालणार? थंय उकडून मरतात बाई." आणि बाही हळूच परत आत सरकवून, फळी नीट दाबून ती गेली.

*

एलिया दुसऱ्या दिवशी घरी आले. पेट्या फलाटावरून उचला म्हणाले. दौंडच्या दुकानात जागा नव्हती. आणि यांना त्या डोळ्यांपुढं नको होत्या. शिरूरहून कुणाच्या तरी तोंडी वन्संचा निरोप आला होता, 'कुठं जागा नसंल तर हितं टाका. कपाटं तशीबी तुमी रिकामी करायला लावली हायती.' गुळाची लॉरी शिरूरकडं जात होती. तिच्यातून पेट्या गेल्या, सागवानी पाटीसुद्धा.

वर्ष सरायला आठवडा राहिला होता. हौसरावांना किल्ली देऊन जागा मोकळी करायला आम्ही दोघं शिरूरला गेलो. यांचा चेहरा बघवत नव्हता. मी वाटेत नव्या पाटाचा विचार करत होते, सुताराला सांगून ठेवला होता.

पेठेत वळलो तर दुकानापुढं ही गर्दी. मला वाटलं वन्संना काही झालं. यांनाही तेच वाटलं असावं, कारण ते पळायला लागले, आणि जयसिंगरावांना पळताना मी त्यानंतर पुन्हा बघितलं नाही.

वन्संना काही झालं नव्हतं. त्या गादीवर होत्या. पेट्या त्यांनी आत घेतल्याच नव्हत्या. बाहेर पायरीवर एकावर एक रचल्या होत्या, अक्षरं रस्त्याकडं करून. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या बायका त्यांच्याभोवती दाटल्या होत्या. साळूबाई नावाची एक जाडजूड पाटलीण पेटीवर बोट फिरवून नातीकडून वाचून घेत होती.

"गो-व्या-चा मा-ल," नात म्हणाली.

"आगं बया. म्हंजी गोवा घेतला तवा आला व्हय ह्यो, पुतळाबाई?"

"पेट्या दौंड स्टेशनातनं आल्या, एवढं मला ठावं," वन्सं म्हणाल्या.

"लष्करानं आणला आसंल."

"मी काय लष्करात न्हाई, बाई."

"सांगायची बंदी आसंल," दुसरी कुणी हळूच म्हणाली. "शिवण बघ की. आपल्याकडं कोन मारतंय आशी चुणी?"

मशिनीपाशी बसलेल्या बयाबाईनं मान खाली घातली आणि रिकामीच मशीन जोरात चालवली.

मिशनमधल्या बायका एका बाजूला होत्या. त्यांना परदेशाशी कर्तव्य नव्हतं. परवावर नाताळ आलेला, पांढरी पातळं आणि लांब बाह्या त्यांना दरसाल लागतातच. त्यांच्यातली लिडिया नावाची तरुण मुलगी पोलकं अंगाला लावून म्हणाली, "पुतळाबाई, हे तर थेट आमच्या दबोराबाईंसारखं."

"तिथनंच काढलंय, पोरी," वन्सं म्हणाल्या. हे वाक्य इतकं खरं होतं की त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही.

जयसिंगराव गर्दीतून वाट काढत गादीपाशी गेले, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आक्का, ह्यो माल गोव्यावरनं आलेला न्हाई. गोव्याला जायचा हुता."

"व्हय का? मग तसं लिवायचं हुतं."

दोघंही माझ्याकडं वळले.

"फळी अरुंद हुती," मी म्हणाले.

वन्संनी गज उचलला, पुढच्या गिऱ्हाइकाला पातळ उलगडून दाखवलं, आणि त्या कापडाआडूनच बोलल्या. "मी तोंडानं एकबी शब्द खोटा बोलली न्हाई, जयसिंग. तू फलाटावर काय बोलला ते मला शिरूरपातूर कळलंय."

यांनी टोपी काढली. पण हौसराव आले, त्यामुळं ती हातातच राहिली.

हौसराव जागेचे मालक, उंच, मिशीवाले, कधी हसलेले कुणी बघितले नाहीत. त्यांच्या मागं त्यांची बायको होती आणि बायकोच्या काखेत पांढरं पातळ. जयसिंगरावांनी किल्लीसाठी वन्संपुढं हात केला. वन्संनी किल्ली कमरेची सोडली नाही. हाताकडं नुसतं बघितलं.

"जागेचं कसं करायचं, हौसराव?" यांनी विचारलं.

"कसलं जागेचं?"

"वरीस सरलं. सोडावॉटरवाला..."

"तेला म्या नगरला जा म्हणलंय," हौसराव म्हणाले. "ह्या पेठेत पुतळाबाईचं दुकान न्हाई, तर बाजारकरी हिकडं वळंल कशाला? मी बोललोय बाईंशी. तुमी तर तेंचे भाऊ न्हवं का?"

जयसिंगरावांनी किल्लीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला. बायका मापं घेत होत्या, लहान पोरं पेट्यांवर चढत होती. मग ते म्हणाले, "व्हय. भाऊ."

त्यांनी टोपी घातली आणि गादीच्या खालच्या अंगाला, जिथं कापड फाडायला माणूस बसतो तिथं, मांडी घालून बसले. वन्संनी गठ्ठा त्यांच्याकडं सरकवला. संध्याकाळपर्यंत ते पातळांच्या घड्या घालत होते, आणि चांगल्या घालत होते. मुळात त्यांचा हात त्या कामाला चांगलाच आहे. ते विसरले होते, एवढंच.

सुताराचा पाट मी नंतर घेतला, पण त्याच्यावर मीच बसते.

सागवानी पाटीचं काय करायचं हा प्रश्न होता. रंग खरवडून निघेना. शेवटी वन्संनी ती उपडी करून गादीखाली घातली, कारण तिथं जमीन ओल धरायची. अजून ती तिथंच आहे. वन्सं परदेशावर बसून शिरूरचं दुकान चालवतात, आणि ओल लागत नाही म्हणतात.

होळीच्या सुमाराला बबनराव शिरूरला आले. आम्ही तिथंच होतो. चहा झाला. त्यांनी बशी खाली ठेवली आणि यांच्याकडं सरकून म्हणाले, "जयसिंगराव, नेपाळ. समुद्र न्हाई. समदा डोंगर. आन् तिथं थंडी, म्हंजी लांब बाह्या..."

जयसिंगरावांच्या डोळ्यांत ती चमक हळूहळू यायला लागली. मी बघितली, वन्संनीही बघितली. त्यांनी गज मांडीवर आडवा ठेवला.

"जयसिंग," त्या म्हणाल्या, "वढू का चेन?"